गोगलगायीच्या पोटात काय असते?



'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब आणि आतून कावेबाज अशा माणसाला लावतो. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात गोगलगायीच्या वर्गाला 'उदरपाद' असे नाव आहे. पोट हाच ज्याचा पाय, असा प्राणी. म्हणजे म्हण शास्त्राला धरूनच आहे. परंतु आजचा आपला पाठ तिच्या पायाचा नाही. तिच्या अंगात डोळ्याला न दिसणारा एक बारीक जंत राहू शकतो, आणि तो माणसाच्या पोटात गेला तर थेट मेंदू गाठतो. आजचा विषय हा.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि त्या वेळचा उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव, या भागांत गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे रोप रातोरात फस्त केले. कित्येक शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून गोगलगाय म्हटले की आपण पिकाच्या नुकसानीचा हिशेब मांडतो. ते योग्यच आहे. पण ज्या घरात रांगते मूल आहे, ज्यांनी आडसालीच्या सरीवर मेथी-कोथिंबिरीचे आंतरपीक घेतले आहे आणि ज्यांच्या बांधावर उंदरांची बिळे आहेत, अशा घरांनी आणखी एक हिशेब समजून घ्यायला हवा. आरंभीच सांगतो, हा रोग आपल्याकडे विरळ आहे. घाबरवण्याकरिता आम्ही हे लिहीत नाही. परंतु विरळ रोगाचे एक वाईट असते. तो समोर आला तरी ओळखला जात नाही, भलत्याच रोगाची औषधे सुरू होतात, आणि घरची माणसं एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहतात.

जंताचे घराणे

या जंताचे शास्त्रीय नाव अँजिओस्ट्राँगिलस कँटोनेन्सिस. नाव जिभेला जड आहे, म्हणून आपण त्याला 'उंदराचा फुप्फुसजंत' म्हणू. त्याचे खरे घर उंदीर. माणूस नव्हे आणि गोगलगायही नव्हे. उंदराच्या हृदयातून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या ज्या नळ्या असतात, त्यांत हा पूर्ण वाढलेला जंत राहतो. मादी साधारण इंचभर लांब आणि शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक. तिचे रक्ताने भरलेले लाल आतडे आणि पांढरी गर्भनळी एकमेकींभोवती वेढे घेत जातात, त्यामुळे ती लाल-पांढऱ्या दोऱ्याच्या पिळासारखी दिसते.

मादीची अंडी रक्ताबरोबर फुप्फुसात जातात, तिथे फुटतात, आणि आतून निघालेली अळी श्वासनळीने घशाशी येते. उंदीर ती गिळतो आणि ती त्याच्या लेंडीतून बाहेर पडते. आता तिला गोगलगाय हवी. शंख असलेली असो की शंख नसलेली, बुळबुळीत, तिला दोन्ही चालतात. गोगलगाय उंदराच्या लेंड्या आवडीने खाते. खाल्ल्या नाहीत तरी अळी तिच्या मऊ अंगातून आत शिरू शकते. गोगलगायीच्या शरीरात साधारण दोन-तीन आठवडे राहून ही अळी दोनदा कात टाकते. त्यानंतरची, म्हणजे तिसऱ्या अवस्थेतली अळी तेवढी पुढच्या प्राण्याला लागू होते. तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हिरव्या पानावर ती डोळ्यांना दिसेल अशी आशा धरू नये.

पुढे उंदीर ती गोगलगाय खातो. अळ्या आतड्याची भिंत ओलांडून रक्तात येतात आणि मेंदूकडे जातात. मेंदूकडेच का, असे कोणी विचारील. उत्तर असे की वाढीचा पुढचा टप्पा त्यांना तिथेच पुरा करायचा असतो. मेंदूत आणखी दोन वेळा कात टाकून त्या तरुण जंत होतात, शिरांच्या वाटेने हृदयाकडे येतात आणि फुप्फुसाच्या नळ्यांत मुक्काम करतात. गोगलगाय खाल्ल्यापासून उंदराच्या लेंडीत पुन्हा अळ्या दिसेपर्यंत सहा-सात आठवडे जातात. थोडे जंत असतील तर उंदीर खुशाल हिंडत असतो.

आता माणूस यात येतो कुठे? माणूस वाटेत सापडलेला. कच्ची गोगलगाय किंवा तिचा तुकडा पोटात गेला की अळीला काही कळत नाही की हा उंदीर नव्हे. ती नेहमीच्या वाटेने मेंदूपर्यंत येते, वाढूही लागते, आणि तिथेच अडकते. फुप्फुसापर्यंतची पुढची मजल माणसाच्या शरीरात सहसा होत नाही. यार्डात आलेली उसाची गाडी जशी काट्यावरही जाईना आणि माघारीही फिरेना, तशी तिची गत होते. अखेर ती मेंदूत किंवा मेंदूच्या आवरणात मरते. त्या मेलेल्या जंतांभोवती शरीर जी लढाई करते, तिचेच नाव मेंदूच्या आवरणाची सूज. जंत जिवंत असताना इकडेतिकडे सरकून इजा करतातच, परंतु बराचसा त्रास या सुजेचा असतो.

या लढाईतले सैनिक म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींतली एक जात, इओसिनोफिल. दमेकऱ्याच्या रक्ततपासणीच्या कागदावर हे नाव अनेक सभासदांनी वाचले असेल. इओसिन नावाच्या लाल रंगाने त्या रंगतात म्हणून जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी १८७९ साली त्यांना हे नाव दिले. जंत आणि ॲलर्जी या दोन गोष्टींत त्या वाढतात. निरोगी माणसाच्या रक्तात शंभर पांढऱ्या पेशींमागे त्या साधारण पाचांच्या आत असतात. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी असते त्यात तर त्या जवळजवळ नसतातच. या रोगात मात्र त्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशींत शंभरी दहा किंवा त्याहून जास्त इओसिनोफिल सापडतात. निदानाची मुख्य खूण तीच. सबब ही संख्या लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

कँटन ते हवाई, उसाच्या वाटेने

हा जंत प्रथम चीनमधल्या कँटन शहरातल्या उंदरांत सापडला. चेन या चिनी शास्त्रज्ञांनी १९३५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 'कँटोनेन्सिस' हे नाव तिथूनच आले. तेव्हा तो नुसता उंदराचा जंत होता, माणसाशी त्याचा संबंध कोणाच्या मनातही नव्हता. दहा वर्षांनी, १९४५ साली, तैवानमध्ये नोमुरा आणि लिन या दोघा डॉक्टरांनी एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात हे जंत पाहिले. परंतु महायुद्धाची धामधूम, अहवाल जपानी भाषेत. तो तसाच पडून राहिला. १९६४ साली तो पुन्हा उजेडात आणला गेला तेव्हा जगाला कळले की पहिला रुग्ण वीस वर्षांपूर्वीच नोंदलेला होता. चांगले काम झाले तरी ते लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या हातात पोचले नाही तर त्याचे काय होते, याचे हे उदाहरण आम्हांला फार बोलके वाटते.

दरम्यान १९५५ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे जोसेफीन मॅकेरस आणि डोरोथिया सँडर्स या दोन बाईंनी उंदीर-गोगलगाय-उंदीर हे सारे चक्र शोधून मांडले. मेंदूतून फुप्फुसाकडे होणारा प्रवास त्यांनीच दाखवला. आणि १९६२ साली लिऑन रोझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटांवर मेंदूच्या या सुजेने मृत्यू पावलेल्या रुग्णाच्या मेंदूत प्रत्यक्ष जंत सापडल्याचे प्रसिद्ध केले. तिथून रोगाचा आणि जंताचा संबंध पक्का झाला.

हवाईचे नाव ऊस उत्पादकाला नवे नसावे. शंभराहून अधिक वर्षे ती बेटे उसावर जगली. तिथला अखेरचा साखर कारखाना, माउई बेटावरचा, २०१६ साली बंद पडला. ऊस बारा-अठरा महिने, तिकडे तर दोन वर्षेही, उभा राहणारे पीक. दाट, गार, ओलसर. उंदराला याहून चांगला वाडा कोण बांधून देणार? उंदरांनी हवाईतला ऊस कुरतडून मळेवाल्यांना जेरीला आणले, आणि त्यावर त्यांनी जो उपाय केला त्याची गोष्ट थोडे विषयांतर होऊनही सांगण्याजोगी आहे.

१८७२ साली जमैका बेटावरच्या एका ऊस मळेवाल्याने आपल्या कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागवली, चार नर आणि पाच माद्या. उंदीर मारतील ही अपेक्षा. ती वाढली. १८८३ साली त्यांचीच पिलावळ हवाईच्या ऊसमळ्यांत नेऊन सोडली. कोणी हे लक्षात घेतले नाही की मुंगूस दिवसा शिकार करते आणि उंदीर रात्री बाहेर पडतो. एकाची पाळी सुटताना दुसऱ्याची लागते! उंदीर होते तसेच राहिले, आणि मुंगसांनी तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिले संपवायला सुरुवात केली. आपल्याकडचे मुंगूस आपल्याकडे शोभते. परक्या मुलखात नेऊन सोडलेला प्राणी काय करील याचा नेम नाही.

गोगलगायीचीही कथा तीच. आपल्याकडे पिकांना जी मोठी शंखी गोगलगाय खाते, ती मूळची इथली नाही. ती पूर्व आफ्रिकेची. तिथून हिंदी महासागरातल्या बेटांवर आली, आणि १८४७ साली मॉरिशसहून बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या एका अभ्यासकाने ती कलकत्त्याला आणून बागेत सोडली. मॉरिशस म्हणजे तेच बेट, जिथे त्याच शतकात आपल्या कोकणातली मराठी माणसे करारावर ऊस तोडायला गेली आणि तिथलीच झाली. माणसं इकडून तिकडे गेली, गोगलगाय तिकडून इकडे आली. ही गोगलगाय एकाच वेळी नरही असते आणि मादीही. एका खेपेला शंभरावर अंडी घालते. रोपवाटिकेची माती, कलमांच्या पिशव्या, वाळूचे ट्रक, कशाबरोबरही ती गावोगाव पोचते. उंदीर जहाजातून आणि गोगलगाय मालातून हिंडली, आणि त्यांच्याबरोबर हा जंतही पसरला.

कोणाकोणाला झाला?

२००८ सालापर्यंत जगभरात सुमारे तीस देशांतून मिळून २,८०० हून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. त्यांतले जवळपास निम्मे एकट्या थायलंडमधले. तिथे ईशान्य भागात पाण्यातली गोगलगाय कच्ची चिरून, लिंबू-मिरची लावून खाण्याची चाल आहे. लिंबाने, तिखटाने किंवा दारूने ही अळी मरते हा समज साफ चुकीचा आहे. चीनमध्ये बीजिंग शहरात २००६ साली हॉटेलात अर्धीकच्ची गोगलगाय खाऊन शंभरावर लोक आजारी पडले. ऑस्ट्रेलियात २०१० साली एका तरुणाने मित्रांच्या पैजेखातर शंख नसलेली गोगलगाय गिळली. तो बरेच महिने बेशुद्ध होता, पुढे अपंग झाला, आणि आठ वर्षांनी वारला.

हे वाचून कोणी म्हणेल, 'आपण कुठं गोगलगाय खातो? आपला काय संबंध?' त्यांनी जमैकाची गोष्ट वाचावी. २००० साली अमेरिकेतले २३ विद्यार्थी आणि त्यांचे सोबती तिथे सुट्टीला गेले. परत आल्यावर त्यांतले १२ जण या रोगाने आजारी पडले. गोगलगाय कोणीही खाल्ली नव्हती. चौकशीअंती संशय आला तो एका जेवणातल्या कच्च्या पालेभाजीच्या सॅलडवर. पानांच्या बेचक्यात बसलेली बोटाच्या पेराएवढी गोगलगाय भाजीबरोबर चिरली जाते आणि खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हवाईतही आजकालचे रुग्ण बहुतेक असेच असतात, न कळत खाल्लेले.

आपल्या देशात हा जंत नाही असे मुळीच नाही. मुंबईतल्या उंदीर-घुशींत तो सापडल्याचे संशोधकांनी १९८२ साली प्रसिद्ध केले आहे. केरळातून २००६ साली दहा रुग्णांचा अहवाल आला, त्यांतल्या काहींनी घोरपडीचे कच्चे मांस खाल्ले होते. घोरपड गोगलगायी खाते, अळ्या तिच्या मांसात न वाढता नुसत्या वस्तीला राहतात, आणि ते मांस कच्चे खाणाऱ्याला लागतात. बेडूक, गोड्या पाण्यातले खेकडे आणि कोळंबी यांच्यातूनही असेच होऊ शकते. घोरपडीच्या रक्ताने अंगात ताकद येते, दमा जातो, असले समज आपल्याही भागात काही ठिकाणी आहेत. ताकद येत नाही. शिवाय घोरपड मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा ते करणाऱ्याला दवाखाना आणि कोर्ट दोन्ही पाहावे लागण्याचा संभव.

तोडणीच्या दिवसांत टोळीतली पोरं ओढ्यातले खेकडे धरून फडाच्या कडेला जाळावर भाजतात. पूर्ण भाजला असेल तर हरकत नाही. वरचे कवच काळे झाले म्हणजे आतले मांस शिजले असे नव्हे, एवढे मुकादमांनी त्यांच्या आयांना समजावून सांगावे. कालवणात उकळून खाल्लेला खेकडा उत्तम. तीन ते पाच मिनिटे खळखळ उकळले म्हणजे अळी मरते.

रोग दिसतो कसा?

अळ्या पोटात गेल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांनी डोके दुखू लागते. साधे दुखणे नव्हे. आयुष्यात असे डोके कधी दुखले नाही, असे रुग्ण सांगतो. गोळीने उतरत नाही. ओकारी येते, मान आखडते. ताप मात्र पुष्कळदा नसतो, असला तर थोडा असतो. आपण मेंदूच्या सगळ्या सुजेला सरसकट 'मेंदुज्वर' म्हणतो आणि ताप नाही म्हटल्यावर निर्धास्त होतो. हा ज्वर नसलेला मेंदुज्वर होय. आणखी एक चमत्कारिक लक्षण असे की अंगाच्या एखाद्या भागाला मुंग्या येतात, जळजळते, नुसता सदरा घासला तरी झोंबते. वरून कातडी पाहावी तर पुरळ नाही, काही नाही. क्वचित एका बाजूचा चेहरा वाकडा होतो, एकाचे दोन दिसतात. लहान मुलांत ताप, ओकारी आणि पेंगणे जास्त आढळते.

अशी लक्षणे असलेल्या माणसाला 'हा त्याच जंताचा रोग' असे घरी ठरवून बसू नये. असह्य डोकेदुखी आणि आखडलेली मान यांची आपल्याकडे त्याहून किती तरी जास्त आढळणारी कारणे आहेत. जिवाणूंमुळे होणारी सूज असेल तर ताप भडकतो आणि काही तासांत माणूस हाताबाहेर जातो. क्षयाची असेल तर ती हळूहळू वाढते. आपल्या मुलखात डोक्यात जंत म्हटले की बहुधा डुकराच्या पट्टकृमीच्या गाठी असतात आणि त्यात झटके येतात. तो वेगळा विषय, त्याला वेगळा पाठ लागेल. या सगळ्यांची औषधे निरनिराळी. तेव्हा गाडी काढावी आणि रुग्णाला जिथे तज्ज्ञ डॉक्टर आहेत अशा मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे.

तिथे डॉक्टर पाठीतले पाणी काढून तपासायचे म्हणतील. इथे पुष्कळ घरांत अडते. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो', 'काढलं आणि गेला', ही वाक्ये आम्ही गावोगाव ऐकली आहेत. खरी गोष्ट अशी आहे. मज्जारज्जू पाठीच्या कण्यात वरच संपतो, सुई कमरेत त्याच्या पुष्कळ खाली घालतात, जिथे रज्जू नसतोच. जे रुग्ण दगावतात ते मूळच्या रोगाने दगावतात, आणि पुष्कळदा उशिराने. त्या काही चमचे पाण्यातूनच कळते की जिवाणू, क्षय की जंत. निरोगी माणसाचे हे पाणी निवळशंख असते, या रोगात ते शहाळ्याच्या पाण्यासारखे धुरकट दिसते. आणि त्यातच ते शंभरी दहा इओसिनोफिल सापडतात. शिवाय या रोगात मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असतो. पाणी काढल्यावर तो उतरतो आणि डोके दुखायचे कमी होते. म्हणजे इथे तपासणी हाच उपचारही होतो. सही करायला नकार देणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. मात्र मेंदूत गाठ वगैरेचा संशय असेल तर डॉक्टर आधी डोक्याचा फोटो काढतात, मग पाणी. तो निर्णय त्यांचा.

दुसरे, डॉक्टरांनी विचारो न विचारो, गेल्या महिन्याभरात कच्चे-अर्धे काय खाल्ले ते सांगावे. घोरपड खाल्ली असेल आणि कायद्याची भीती वाटत असेल तरी डॉक्टरांपासून लपवू नये. मुलाच्या तोंडात गोगलगाय सापडली होती का, तेही सांगावे. ही एक माहिती नसल्याने निदान आठवडाभर मागे पडू शकते. संडासच्या तपासणीत मात्र हा जंत सापडत नाही. तो माणसाच्या आतड्यात राहत नाही आणि अंडीही घालत नाही. त्याच कारणाने तो एका माणसाकडून दुसऱ्याला लागतही नाही. रुग्णाची भांडी वेगळी करण्याचे काही कारण नाही.

उपचारात मुख्य आहे तो सूज उतरवण्याचा. थायलंडमध्ये डॉक्टरांनी रुग्णांचे दोन गट करून एकाला दोन आठवडे स्टेरॉईड दिले आणि दुसऱ्याला नुसती औषध नसलेली गोळी. २००० साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : पहिल्या गटाची डोकेदुखी साधारण ५ दिवसांत थांबली, दुसऱ्याला १३ दिवस लागले. बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. ज्यांच्या पोटात एकाच वेळी फार अळ्या जातात त्यांचीच अवस्था कठीण होते.

मग जंताची गोळी घ्यावी का? हा प्रश्न आमच्यापुढे नेहमी येतो. शाळेत वाटतात ती गोळी आतड्यातल्या जंतांकरिता चांगली आहे, तिच्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. परंतु मेंदूतले जंत एकदम मेले तर सूज आणखी भडकण्याचा धोका असतो. म्हणून या रोगात ती द्यायची की नाही, यावर तज्ज्ञांतच मतभेद आहेत. असह्य डोकेदुखीवर दुकानातून ती गोळी स्वतःच्या मनाने घेणे हा प्रकार करू नये.

शेतात आणि घरात

पालेभाजी आणि कोथिंबीर पान न् पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि पाहावी. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले म्हणजे झाले, असे समजू नये. पानाला चिकटलेली गोगलगाय हाताने आणि डोळ्यानेच निघते. शिजवून खायच्या भाजीची काळजी नाही. पावसाळ्यात उसातल्या आंतरपिकाची कोथिंबीर न धुता कोशिंबिरीवर टाकू नये, एवढेच. हवाईत पावसाचे पाणी साठवून वापरणाऱ्या घरांत टाक्यांचाही संशय घेतला जातो, कारण गोगलगाय पाण्यात बुडून मेली की तिच्यातल्या अळ्या पाण्यात सुटतात. तेव्हा रानातल्या वस्तीवर पिण्याच्या पाण्याचा हौद उघडा ठेवू नये आणि पिण्याचे पाणी उकळावे.

गोगलगायी वेचताना हातात प्लास्टिकची पिशवी किंवा मोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत, आणि मुलांना या कामाला लावू नये. संध्याकाळी बांधाकडेने गोणपाट ओला करून टाकावा. पहाटेला त्याखाली त्या गोळा झालेल्या सापडतात. मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकून मारावे आणि खोल खड्ड्यात पुरावे. ते मिठाचे पाणी शेतात ओतू नये, आधीच आपल्याकडे चोपण जमिनीचे दुखणे काय कमी आहे! काही सभासदांनी विचारले की पाचटाखाली ओल राहून गोगलगायी वाढतात, तर पाचट जाळावे का. आमचे मत, जाळू नये. जमिनीचे जे नुकसान त्यात होते ते मोठे. पावसाळ्यात बांधाकडची दोन हात पट्टी तेवढी पाचट आणि गवतापासून मोकळी ठेवली म्हणजे गोगलगायीची येण्याची वाट उघडी पडते.

उंदरांबाबत एकट्यादुकट्याने केलेला बंदोबस्त वाया जातो. एकाचा फड तुटला की त्यातले उंदीर शेजारच्या उभ्या उसात जातात. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात बिळे बुजवून, दुसऱ्या दिवशी उकरलेली तेवढी जिवंत बिळे धरून आमिष ठेवावे. पहिले दोन दिवस बिनविषाचे, मग विषाचे. नाहीतर शहाणा उंदीर तोंड लावत नाही. धामण दिसली तर मारू नये. तिच्याइतका बिनपगारी उंदीरमाऱ्या कारखान्यालाही नेमता येणार नाही.

गोगलगायींसाठी बाजारात ज्या विषारी गोळ्या मिळतात, त्या कुत्री, कोंबड्या, वासरे यांनाही मारतात. कुत्र्याला तर त्या गोळ्यांची चव आवडते असे दिसते. त्या टाकायच्याच असतील तर शेतकी खात्याला विचारून, बांधाकडेने, संध्याकाळी आणि अगदी थोड्या टाकाव्यात. उरलेला पुडा घरात खाण्याच्या जिनसांजवळ ठेवू नये. वस्तीवरच्या कुत्र्याच्या पिल्लाने गोगलगायी चावल्या आणि काही दिवसांनी त्याचे मागचे पाय लुळे पडले, तर ते विष नसून हाच जंत असू शकतो. ऑस्ट्रेलियात पिल्लांमध्ये हा रोग चांगलाच ओळखीचा आहे. अशा पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे, आणि ज्या जागी ते खेळत होते तिथल्या गोगलगायी त्याच संध्याकाळी वेचून काढाव्यात.